गोदावरी परुळेकर : महाविद्यालयापासून वारली पाड्यापर्यंत



या घटकात आपण ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाच्या लेखिकेचे चरित्र पाहणार आहोत. पुस्तक हाती असताना लेखिकेच्या चरित्रात वेळ का घालवावा, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. तो रास्त आहे. कथा-कादंबरीच्या बाबतीत मी स्वतः असा आग्रह धरत नाही. परंतु हे पुस्तक अनुभवकथन आहे आणि त्यातील निवेदिका ज्या माणसांविषयी लिहिते, त्यांच्यात ती जन्मलेली नाही. पुण्यातील एका वकिलाची इंग्रजी शिकलेली मुलगी ठाणे जिल्ह्यातील जंगलपट्टीत, वारल्यांच्या झोपडीपर्यंत कशी पोहोचली, हे ठाऊक नसेल तर पुस्तकातील ‘मी’ अर्धाच कळतो.

दुसरे कारण तुमच्याशी संबंधित आहे. गोंदिया, आमगाव, सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगाव अशा ठिकाणांहून अभ्यासकेंद्रावर येणाऱ्यांमध्ये लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या आणि आता मुलांच्या बरोबरीने पुन्हा पुस्तक उघडणाऱ्या स्त्रिया असतात. त्यांच्या मुली आज महाविद्यालयात आहेत. मुलगी मोर्चात दिसली, कुठल्याशा संघटनेच्या बैठकीला जाऊ लागली, की घरात काय बोलले जाते, हे तुम्हांला मी सांगण्याची गरज नाही. राजकीय चळवळ तरुण मुलीला काय देऊ करते, मुलगी त्यातले काय घेते आणि त्याची किंमत कोण मोजते, हे प्रश्न मनात ठेवून पुढील मजकूर वाचावा.

गोदावरी गोखले यांचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ रोजी पुण्यात झाला. वडील लक्ष्मणराव गोखले नामांकित वकील होते. घर सुखवस्तू, विचाराने सुधारक आणि राजकारणात नेमस्त. मुलीने शिकावे याला अशा घरात विरोध नसे. उलट शिकलेली मुलगी ही त्या घराची शोभा मानली जाई. येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घ्यावा. सुधारकी घरात मुलीला शिकण्याची मोकळीक होती, पण त्या शिक्षणाचे पुढे काय करायचे हे तिने ठरवावे, एवढी मोकळीक नव्हती. चांगले स्थळ, फार तर शाळेतील शिक्षिकेची किंवा डॉक्टरची प्रतिष्ठित नोकरी, येथपर्यंत वाट आखलेली असे. गोदावरीबाईंच्या आयुष्यातील पहिला संघर्ष या आखलेल्या वाटेच्या टोकाशी झाला.

फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्राचा अभ्यास केला आणि पुढे कायद्याची पदवी घेतली. स्त्रियांना वकिली करता यावी यासाठीचा कायदा हिंदुस्थानात १९२३ साली झाला होता. म्हणजे गोदावरीबाई शाळेत असताना स्त्रीला न्यायालयाचे दार नुकतेच कुठे उघडले होते. महाराष्ट्रात कायद्याची पदवी घेणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते.

त्या काळच्या महाविद्यालयाचे चित्र डोळ्यांसमोर आणा. वर्गात मुली मोजक्या. त्यांनी कोठे बसावे, कोणाशी बोलावे, किती वाजता घरी परतावे, सारे ठरलेले. अशा जागी १९३० साली कायदेभंगाची चळवळ येऊन थडकली. दांडीयात्रेत गांधीजींनी निवडलेल्या अठ्ठ्याहत्तर सत्याग्रहींत एकही स्त्री नव्हती, ही गोष्ट आपण सहसा विसरतो. स्त्रियांसाठी त्यांनी वेगळे काम योजले होते: दारूच्या आणि परदेशी कापडाच्या दुकानांवर निरोधन. सहभागी झालेल्या स्त्रियांनी मात्र ती मर्यादा फार काळ पाळली नाही. प्रभातफेऱ्या, मिठाचा सत्याग्रह, बंदी असलेली पत्रके वाटणे, सभा भरवणे यांत त्या पुढे आल्या आणि तुरुंगातही गेल्या. आपल्या विदर्भात समुद्र नव्हता, म्हणून येथे जंगल सत्याग्रह झाला. लोकनायक अणे यांनी जुलै १९३० मध्ये पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडला. गवत कापणे हा गुन्हा कसा ठरू शकतो, हे जंगलाच्या काठी राहणाऱ्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. गवताचा हा मुद्दा लक्षात असू द्या. गोदावरीबाईंच्या आयुष्यात तो पुन्हा येणार आहे.

या चळवळीचे महाविद्यालयीन मुलींना इतके आकर्षण का वाटले असावे? देशप्रेम हे उत्तर खरे आहे, पण पुरेसे नाही. देशप्रेम मुलांनाही होते. मुलींच्या बाबतीत आणखी काही घडत होते, असे मला वाटते. घराबाहेर पडायला त्यांना प्रथमच असे कारण मिळाले, जे वडीलधाऱ्यांना सरळ नाकारता येत नव्हते. नाटकाला जाते म्हटले तर नाही म्हणता येते. देशकार्याला जाते म्हटले तर नाही म्हणणारा स्वतःच अवघडतो. शिवाय चळवळीने मुलींना मैत्रिणी दिल्या. वर्गात एकट्यादुकट्या बसणाऱ्या मुली फेरीत वीस-पंचवीस जणी होत. तिसरी गोष्ट म्हणजे काम. हातातल्या पदवीचा उपयोग काय, या प्रश्नाला सभेत बोलणे, हिशेब ठेवणे, पत्रक लिहिणे, अनोळखी माणसांशी वाद घालणे अशी रोखठोक उत्तरे मिळू लागली. आजही महाविद्यालयाच्या आवारात विद्यार्थी संघटना मुलींना बोलावतात तेव्हा भाषणे तत्त्वाची असतात, पण मुलगी टिकते ती बहुधा या तीन गोष्टींमुळे. माझ्या तीसेक वर्षांच्या अध्यापनात तत्त्वज्ञान वाचून संघटनेत गेलेली मुलगी मी क्वचितच पाहिली. मैत्रिणीबरोबर गेलेल्या आणि मग वाचू लागलेल्या पुष्कळ पाहिल्या. यात मला कमीपणा दिसत नाही. वाचनाकडे जाण्याची तीही एक वाट आहे.

चळवळींनाही मुली हव्या होत्या, आणि त्यांची कारणे नेहमीच उदात्त नव्हती. दुकानासमोर स्त्रिया उभ्या असल्या की गिऱ्हाईक ओशाळते, पोलीस लाठी उगारताना बिचकतो, आणि वृत्तपत्रांत बातमी मोठी येते. स्त्रीच्या प्रतिष्ठेचा असा वापर होत असे. हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. वापरून घेण्यासाठी बोलावलेल्या मुली काम शिकल्या आणि शिकलेले काम कोणी परत घेऊ शकत नाही.

गोदावरीबाई १९३२ साली सत्याग्रहात उतरल्या आणि त्यांना तुरुंगवास झाला. तेव्हा त्यांचे वय चोवीस-पंचवीस. घरच्यांना हा मार्ग पसंत नव्हता. पुण्यातील प्रतिष्ठित वकिलाच्या मुलीने वकिली करण्याऐवजी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे, हे त्या घराला न पेलणारे होते. सुटकेनंतर त्यांनी पुणे सोडले आणि मुंबईत समाजकार्याला वाहून घेतले. शिकलेल्या मुलीचे घर सोडणे म्हणजे तेव्हा काय होते, याचा विचार तुमच्यातील आईवडिलांनी दोन्ही बाजूंनी करावा. मुलीची बाजू चरित्रकार सांगतातच. ज्या वडिलांनी लोकापवादाची पर्वा न करता तिला कायद्यापर्यंत शिकवले, त्यांच्या मनाचे काय झाले असेल, हे कोणी लिहीत नाही.

मुंबईत त्या भारत सेवक समाजात दाखल झाल्या. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली स्थापन केलेली ही संस्था. आजीव सेवेचे व्रत घेणाऱ्या सदस्यांत तोवर स्त्री नव्हती, गोदावरीबाई पहिल्या. येथे त्यांनी जी दोन कामे केली ती पुढच्या आयुष्याची पूर्वतयारी ठरली. एक, प्रौढ साक्षरतेची मोहीम. १९३८ च्या सुमारास मुंबईच्या कामगार वस्त्यांतून रात्रीचे वर्ग भरू लागले आणि गोदावरीबाई त्या मोहिमेच्या आघाडीवर होत्या. दिवसभर राबून आलेल्या माणसाला अक्षर कसे शिकवावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. हे वाक्य तुम्ही रात्री नऊनंतर, जेवणाची भांडी आवरून वाचत असाल तर तो प्रश्न तुम्हांला माझ्यापेक्षा अधिक कळेल. दुसरे काम घरकामगारांच्या संघटनेचे. घरोघरी धुणी-भांडी करणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या माणसांना कामगार म्हणावे, त्यांची संघटना असावी, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. गिरणीला भोंगा असतो, फाटक असते, तेथे हजार माणसे एकत्र सापडतात. घरकामगार मात्र एकेका दाराआड एकटा. त्यांना गोळा करून गोदावरीबाईंनी मोर्चा काढला.

याच संस्थेत शामराव परुळेकर काम करीत होते. १९३७ साली ते डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळावर निवडून आले होते. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील खोती पद्धतीविरुद्ध मुंबईत निघालेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात डॉ. आंबेडकरांबरोबर ते आघाडीवर होते. १९३९ साली गोदावरीबाई आणि शामराव यांनी विवाह केला आणि त्याच सुमारास दोघे कम्युनिस्ट पक्षात गेले. भारत सेवक समाजाची सनदशीर सेवावृत्ती आणि वर्गसंघर्षाचे राजकारण यांचा मेळ बसणे शक्य नव्हते. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर युद्धविरोधी प्रचारामुळे दोघांनाही स्थानबद्ध करण्यात आले.

गोदावरीबाईंनी वयाच्या बत्तिशीपर्यंत तीन वेगळ्या राजकीय परंपरांचा उंबरठा ओलांडला, आणि प्रत्येक वेळी आधीचे काहीतरी सोबत नेले, हे विसरू नये. त्यांच्या पिढीतील इतर मुलींनी इतर वाटा धरल्या. वर्ध्याला लक्ष्मीबाई केळकर यांनी १९३६ च्या विजयादशमीला राष्ट्र सेविका समिती स्थापन केली. नागपूरला २० जुलै १९४२ रोजी अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे, आणि डॉ. आंबेडकरांनी तेथे स्त्रियांना शिक्षणाबद्दल, मुलीच्या लग्नाची घाई न करण्याबद्दल सांगितले. त्यानंतर तीनच आठवड्यांत ‘चले जाव’ आंदोलन सुरू झाले आणि महाविद्यालये ओस पडली. विचारांनी या चळवळी परस्परांपासून फार दूर, काही तर उघड विरोधी. तरीही साधारण सहा-सात वर्षांच्या अवधीत प्रत्येकीला शिकलेल्या मुलींसाठी स्वतंत्र जागा करावी लागली.

आता आपण मुख्य भागाकडे येतो. ठाणे जिल्ह्यातील डहाणू आणि उंबरगाव हे तालुके मुंबईपासून रेल्वेने काही तासांवर, पण तेथील वारली आदिवासी वेठीवर जगत होते. जमीनदाराच्या शेतावर, घरी, जंगलात विनामोबदला राबायचे. बोलावणे येईल तेव्हा स्वतःचे शेत टाकून जायचे. त्याहून वाईट प्रथा लग्नगडी ही होती. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घेतले की नवराबायको दोघेही त्याचे बांधील होत, आणि ते कर्ज बहुधा जन्मात फिटत नसे. शब्दांचा अभ्यासक म्हणून मला येथे थोडे थांबावेसे वाटते. लग्न हा मराठीतील किती मंगल शब्द, आणि गडी हाही कामाचा, प्रेमाने उच्चारला जाणारा शब्द. दोन निरुपद्रवी शब्द जोडून गुलामीचे नाव तयार झाले. आपल्या भागात जमिनीचा मालक मालगुजार होता. मालगुजारी १९५१ साली संपली, पण शब्द उरला तो तलावाच्या नावात. आपण ज्याला मामा तलाव म्हणतो, तो माजी मालगुजारी तलाव, हे नव्या पिढीतील अनेकांना सांगितल्यावर आश्चर्य वाटते. संस्था मोडते, तिचे नाव मात्र भाषेत तग धरून राहते. वेठ या शब्दाचेही तसेच आहे; मुलाला अभ्यासाला वेठीला धरले असे आपण सहज म्हणतो.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेची परिषद झाली. उंबरगाव तालुक्यातून काही वारली तेथे आले, आणि त्यांनी आपली दशा सांगितली. त्यानंतर गोदावरीबाई आणि शामराव त्या भागात गेले. २३ मे १९४५ रोजी झरी या गावी वारल्यांची परिषद भरली. सुमारे पाच हजार माणसे जमली आणि वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचे नाही, असा निर्धार झाला. परिषदेनंतर लाल बावटा घेऊन माणसे गावोगाव गेली, आणि काही आठवड्यांत त्या पट्ट्यातील वेठ बंद पडू लागली, लग्नगडी मोकळे होऊ लागले. पुस्तकातील हा भाग तुम्ही सावकाश वाचावा. येथे सदतीस-अडतीस वर्षांची पदवीधर स्त्री पुन्हा एकदा शिकताना दिसते: डोंगर चढायला, झोपडीत राहायला, असेल ते खायला, आणि मुख्य म्हणजे ऐकायला. वारली बोली ही पुणेरी मराठीच्या कानाला प्रारंभी परकीच. देवरी-सालेकसा भागातील आमच्या काही विद्यार्थ्यांच्या घरी गोंडी किंवा हलबी बोलली जाते, इतरांची झाडीबोली. प्रमाण मराठीत बोलणाऱ्या अधिकाऱ्यापुढे आपले म्हणणे तोंडातच राहते, हा अनुभव त्यांना आहे. गोदावरीबाई त्या दुसऱ्या बाजूच्या होत्या, आणि भाषेचे हे अंतर त्यांनाच कापावे लागले.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर गवत कापणीचा हंगाम आला. पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये मजुरी मिळावी, या मागणीसाठी वारल्यांनी संप केला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे हजारो वारली जमले. गोदावरीबाईंचे नाव पुढे करून त्यांना खोट्या निरोपाने बोलावण्यात आले होते. त्या तेथे नव्हत्याच. जमावावर पोलिसांनी गोळीबार केला, तो थांबून थांबून दुसऱ्या दिवसापर्यंत चालला, आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मरण पावले. माणसे पांगली नाहीत. दरवर्षी १० ऑक्टोबरला त्या भागात हुतात्मा दिन पाळला जातो. ज्या स्त्रीच्या नावावर हे घडले तिच्या मनावर त्या दिवसाचा केवढा भार राहिला असेल! पाच जीव गेले ते तिच्या शब्दावरील विश्वासापोटी, आणि तो शब्द तिने दिलेलाही नव्हता. चळवळीत नेतृत्व मिळणे म्हणजे अशाही गोष्टी वाट्याला येणे, याची जाणीव महाविद्यालयाच्या आवारातील भाषणांत सहसा दिली जात नाही.

पुढील वर्षांचा तपशील थोडक्यात सांगतो. परुळेकर दांपत्याला ठाणे जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले, स्वातंत्र्यानंतरही काही काळ भूमिगत राहावे लागले. १९५७ साली शामराव ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. १९६१ साली आदिवासी प्रगती मंडळाची स्थापना झाली आणि त्या भागात शिक्षणाचे काम उभे राहू लागले. म्हणजे मुंबईच्या रात्रीच्या वर्गांचा धागा येथे पुन्हा सापडतो. १९६२ च्या चीन युद्धानंतर दोघांनाही स्थानबद्ध करण्यात आले, आणि ऑगस्ट १९६५ मध्ये शामराव मुंबईच्या तुरुंगातच निवर्तले. गोदावरीबाई तेव्हा स्वतःही बंदिवासात होत्या.

‘जेव्हा माणूस जागा होतो’ प्रसिद्ध झाले १९७० साली, म्हणजे त्यातील घटनांनंतर पंचवीस वर्षांनी आणि शामरावांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शीर्षकाबद्दल मात्र एक आक्षेप नोंदवायला हवा, आणि तो माझा नाही. काही वर्षांपूर्वी या घटकाच्या चर्चेत देवरीकडच्या एका विद्यार्थिनीने विचारले होते की, आदिवासी माणूस आधी झोपलेला होता, असे कोणी ठरवले. वर्गात क्षणभर शांतता पसरली. मी तेव्हा दिलेले उत्तर मला आज पुरेसे वाटत नाही. जंगलात कोणते पान केव्हा तोडावे हे जाणणारा, जमीनदाराची लहर ओळखून जीव वाचवणारा माणूस झोपलेला कसा? टिटवाळ्याला आपण होऊन आलेले वारली तर जागेच होते. दुसरीकडे, ‘माणूस’ या शब्दाचा अर्थ लेखिकेने स्वतःपुरताही घेतला असावा, असे पुस्तक पुन्हा वाचताना मला वाटू लागले आहे. तुम्ही कोणत्या बाजूने उत्तर द्याल हे परीक्षकाला आधी ठाऊक नसते; पुस्तकातील प्रसंगांचा आधार दिलात की दोन्ही उत्तरे ग्राह्य आहेत.

किसान सभा १९३६ साली स्थापन झाली. तिचे अखिल भारतीय अध्यक्षपद गोदावरीबाईंकडे आले ते १९८६ साली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी. त्या पदावर येणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. समतेचा पुरस्कार करणाऱ्या संघटनेलाही स्त्रीला सर्वोच्च पद द्यायला पन्नास वर्षे लागली, ही गोष्ट त्यांचा गौरव करणाऱ्या लेखांत आनंदाने सांगितली जाते. मला त्यात आनंदाबरोबर थोडी शरमही दिसते. मुलींना बोलावण्यात सर्वच चळवळी तत्पर असतात; त्यांना व्यासपीठावर मधली खुर्ची देण्यात तेवढ्या नसतात. विद्यार्थिनींनी संघटनेत जाताना हे डोळसपणे पाहावे. तेथे मुलींकडे फक्त रांगोळी, स्वागत आणि फलक धरण्याचे काम आहे, की निधीचा हिशेब आणि निर्णयही त्यांच्याकडे आहेत? गोदावरीबाईंनी पहिल्या प्रकारच्या जागेवर फार काळ न रमता दरवेळी दुसऱ्या प्रकारची जागा शोधली, असे त्यांच्या चरित्रावरून दिसते.

८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले, तलवाड्याच्या स्मृतिदिनाच्या दोन दिवस आधी. आदिवासी भागात त्या शेवटपर्यंत गोदूताई होत्या. सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, तिला त्यांचे नाव आहे. २००६ साली ती घरे स्त्रियांच्या ताब्यात आली. गोंदिया-भंडाऱ्याच्या जंगलातील तेंदूपाने आणि येथील विडीचा धंदा तुमच्या परिचयाचा आहे. तुमच्यापैकी कोणाच्या आजीने, आईने सुपात पाने घेऊन दारात विड्या वळल्या असतील.

पुस्तक वाचायला घेण्यापूर्वी एक छोटे काम करा. घरातील किंवा शेजारातील एखाद्या वृद्ध बाईंना मालगुजाराच्या काळातील कामाचे, मजुरीचे, कर्जाचे कोणते शब्द आठवतात ते विचारा आणि त्या उच्चारतात तसेच वहीत लिहून घ्या. प्रमाण मराठीत दुरुस्ती करू नका. पुढच्या संपर्कसत्राला ती वही सोबत आणा; पहिल्या प्रकरणातील वेठीचे वर्णन आपण त्या शब्दांशेजारी ठेवून वाचणार आहोत.